लसीकरणाचा रकाना

येलहंक्याच्या पलीकडे थोडं माळरान अजून शिल्लक आहे आणि त्यावर थोडी खोकडंही. कोल्ह्याहून लहान, शेपटीला काळं टोक असलेलं हे जनावर बेंगळुरूतल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. मी मात्र त्याच्यावर संशोधन करून पोट भरलं. कुत्र्यांचा डिस्टेंपर, म्हणजे ताप, नाकातून पू, मग झटके आणि मरण, हा रोग वस्तीतल्या कुत्र्यांकडून खोकडांना होतो का, हा माझ्या पेपरचा विषय होता. पेपर छापून आला, लोक अजून त्याचा संदर्भ देतात, आणि तो चुकीचा आहे. हे मला ठाऊक आहे. आणखी एका बाईला ठाऊक व्हायला हवं होतं, ते मी होऊ दिलं नाही.

माळाला लागून घरांची एक गल्ली होती. तिथल्या कुत्र्यांचं रक्त मला हवं होतं आणि ती मेली हाताला लागत नव्हती. दोन आठवडे मी बिस्किटं घेऊन त्यांच्यामागे धावलो. एके सकाळी वैतागून फोनवर बायकोशी खास नागपुरी शब्दांत बोलत होतो, तेवढ्यात एका फाटकाआडून आवाज आला, "मराठी काय हो तुम्ही? या की आत. स्वल्प कॉफी घ्या."

साठी ओलांडलेली बाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकटी. घराणं पिढ्यान् पिढ्या याच शहरात, पण घरात मराठी बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो. माझी अडचण ऐकून ती ओट्यावर बसली, टाळूला जीभ लावून तिने एक आवाज काढला आणि अकराच्या अकरा कुत्री शेपट्या हलवत हजर. एकेकाचं डोकं तिने मांडीवर घेतलं, मी पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त काढलं. ती प्रत्येकाला नावाने चुचकारत होती, मी नळीवर आकडे टाकत होतो.

आता आमचा फॉर्म कसा असतो ते सांगायला हवं. पहिला रकाना मालकाचा. मालक नसेल तर पुढचे चार रकाने, लसीकरणासकट, एका तिरप्या रेघेने खोडायचे आणि पुढे जायचं. सगळे तसंच करतात. भटक्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस कोण टोचणार? मी अकरा तिरप्या रेघा मारल्या आणि घरी येऊन संगणकात अकरा वेळा 'नाही' भरलं. जिच्या मांडीवर ते कुत्रं होतं, तिला विचारायचं मला सुचलंच नाही.

निकाल इतका सुबक आला की मी हुरळून गेलो. अकराही कुत्र्यांच्या रक्तात या रोगाशी लढणारी द्रव्यं सापडली. लस न घेता ती आली, म्हणजे रोग त्या गल्लीतून फिरून गेला. माळावर मेलेल्या दोन खोकडांतही तोच विषाणू होता. मी दोन्ही जोडून मोकळा झालो. पेपरची प्रत आणि पेढे घेऊन अक्काकडे गेलो. शेवटी आभारात 'एक स्थानिक महिला' असं होतं, ते मी तिला बोटाने दाखवलं. तिने कागद डोळ्यांना लावला आणि देवघरात ठेवला. मला ते फार आवडलं.

गल्लीसमोर नवे टॉवर उभे राहिले होते. तिथल्या लोकांना कुत्री नकोच होती, फक्त सभ्य कारण सापडत नव्हतं. ते मी पुरवलं. माझ्या पेपरातला तक्ता त्यांच्या लिफ्टमध्ये लागला, वर मोठ्या अक्षरांत 'आपली खोकडं वाचवा'. खोकड आणि मांजर यांतला फरक त्यांतल्या चौघांनाही सांगता आला नसता. शनिवारी कुत्री उचलायला गाडी येणार असं ठरलं.

गुरुवारी अक्का माझ्या ऑफिसात आली. पिशवीतून तिने अकरा कार्डं काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर लसीच्या बाटलीवरची चिकटपट्टी, डॉक्टरांची सही, तारखा. सगळ्या मी रक्त काढलं त्याच्या आधीच्या.

"तुमच्या कागदात 'नाही' लिहिलंय हो. मी आज बघितलं. दिली आहे की लस, दरवर्षी! तुम्ही एक ओळ लिहून दिलीत तर गाडी थांबवतो म्हणाले ते टॉवरवाले."

मी तारखा पुन्हा वाचल्या. रोग त्या गल्लीत फिरलाच नव्हता. लसीनेही रक्तात तीच द्रव्यं येतात; मला सापडली ती या बाईने टोचवून घेतलेल्या लसीची होती. ती कुत्री साऱ्या वस्तीत सगळ्यात निर्धोक होती आणि हे सांगायला खरंच एक ओळ पुरली असती. पण माझी नोकरी कायम होण्याची मुलाखत तीन आठवड्यांवर होती आणि माझ्या फाइलीत नाव घेण्यासारखा तो एकच पेपर होता.

"कार्डं ठेवून जा अक्का, मी बघतो," मी म्हणालो.

"सरी," ती कानडीत 'बरं' म्हणाली आणि कॉफीसुद्धा न घेता बस पकडायला गेली.

शुक्रवारी टॉवरच्या सेक्रेटरीने मेल करून विचारलं, कुत्री धोक्याची आहेत का. मी उत्तर दिलं, 'आमचे निष्कर्ष पेपरमध्ये दिलेले आहेत.' कार्डं खणात होती. शनिवारी अक्काचे सात फोन आले, मी एकही उचलला नाही.

मंगळवारी ती पुन्हा आली. गाडीने कुत्री जिथे नेऊन सोडली त्या विमानतळाच्या रस्त्याने ती दोन दिवस हाका मारत हिंडली होती. दोन सापडली, गाड्यांखाली गेलेली. बाकीच्यांचा पत्ता नव्हता. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

"कार्डांत काय चूक होती काय हो?"

उत्तर मी शनिवारीच तयार करून ठेवलं होतं. "कार्डांत नाही अक्का. लस थंड राहिली नाही तर फुकट जाते. लागूच पडत नाही. मग रक्तात सापडतं ते रोगाचंच."

ती टेबलाकडे बघतच बोलली. "पार जयनगरहून लस मीच आणायची. बर्फाच्या डब्यात. बसला गर्दी असली की स्वल्प वितळायचा तो." मग तिने वर पाहिलं. "म्हणजे माझ्याच हातनं झालं म्हणा की."

"हो," मी म्हणालो. "तसंच झालं असणार."