सबंध वाक्य

माझी वहिनी इस्पितळात दुभाषी आहे. बंदर जवळच, त्यामुळे जगभरचे खलाशी आपले हातपाय मोडून घ्यायला मुद्दाम आमच्याकडे येतात, असं तिचं म्हणणं. चार भाषा तिला येतात. बाकीच्यांचे तुकडे तिने एका निळ्या वहीत जमवलेत. त्यातलं 'ने'चं पान मला तोंडपाठ आहे. आपण 'ने' म्हणतो ते 'घेऊन जा' म्हणून. ग्रीक माणूस 'ने' म्हणाला की होकार, कोरियन म्हणाला तरी होकारच, आणि सर्बियन म्हणाला की साफ नकार.

"एवढासा शब्द, आणि त्याच्यावर माणसाचा पाय कापायचा की ठेवायचा ते ठरवायचं?" वहिनी विचारते. म्हणून ऑपरेशनचा प्रश्न आला की एका शब्दाचं उत्तर तिला चालत नाही. काय करायचंय ते पेशंटने स्वतःच्या तोंडाने, सबंध वाक्यात सांगायचं. डॉक्टर चरफडतात. ही ढिम्म.

आणि घरी हीच बाई तीस वर्षं 'हं'वर संसार करत होती! माझा दादा घड्याळजी. डोळ्याला भिंग, तोंडाला कुलूप. चहा टाकू? हं. लेकीला ते स्थळ पसंत आहे, कळवू? हं. त्याचा कुठला हं कशाचा, ते मला बरोबर कळतं, असा तोरा मीही मिरवायचे.

मग दादाच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी बायपास. चारपर्यंत सही द्या, नाहीतर नंबर पुढच्या आठवड्यात जाईल, आणि तोवर थांबणं धोक्याचं आहे. करायचं ना?"

"हं," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. वहिनीने ते मधल्यामध्ये काढून घेतलं. "हे उत्तर नाही," ती म्हणाली.

डॉक्टर गेले आणि तिचा पाय एका जागी ठरेना. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. पाण्याचा तांब्या तिने तीनदा झाकला आणि तीनदा उघडला. माझं डोकंच फिरलं. "अगं, हो म्हणालाय की तो! आता काय मुहूर्त बघतेस?"

"तुला काय माहीत?" ती फिस्कारली. "मला माहीत नाही, तर तुला कुठून माहीत?"

मला झोंबलं. पण खरं होतं.

साडेतीनला ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. "अहो, परक्या माणसाला मी सोडत नाही, तुम्हाला सोडेन होय? सबंध बोला."

दादा चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मला भीती वाटते."

मी होते तिथेच उभी राहिले. लहानपणापासून आजवर हे मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"करूया ऑपरेशन," तो म्हणाला. "पण टेबलावरून उठलोच नाही, तर... तुझ्याशी बोलायचं फार राहून गेलंय गं."

वहिनीने पेन उशीखाली सरकवलं. "मग बोला की. अर्धा तास आहे."

मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. आतून दादाचा आवाज येत राहिला, अडखळत, पण येत राहिला. चारला नर्स आली. "फॉर्म झाला का?"

"सही करणार आहे तो," मी म्हटलं. "पाच मिनिटं थांबा, बाई. अजून बोलतोय."