तपकिरी दरवाज्याचा डबा

विल्फ ऑकरबींना आता रंगच दिसत नाहीत, अशी आवई गेल्या हिवाळ्यात आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात उठली. चहाच्या पहिल्या फेरीला त्यांचा एक डोळा गेला, दुसऱ्या फेरीला दोन्ही गेले, आणि बिस्किटांचा डबा तळाला लागेपर्यंत त्यांना वाट दाखवायला कुत्राही ठरला होता.

यातलं खरं एवढंच, की विल्फ चष्मा कायम कपाळावर ठेवत. एक्याऐंशीव्या वर्षीही मांजराच्या मिशीएवढ्या ब्रशाने ते नखाएवढ्या फळीवर डब्याचा नंबर घालत, आणि तो हातभरावरून वाचता येई.

आवई उठली ती एका कोळशाच्या डब्यावरून. वसंतातल्या प्रदर्शनासाठी क्लब छत्तीस डब्यांची कोळसागाडी बांधत होता, आणि आमच्या लोकांत मालडब्याचा रंग चुकणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरीचं नाव चुकणं. इंजिनातून ज्याचा ब्रेक लागतो तो डबा तपकिरी. खाली उतरून हातानेच लावावा लागतो तो राखाडी. पुढचे तीन तपकिरी डबे अध्यक्ष डेस्मंड पाइल यांनी स्वतः केले होते. मागचे तेहेतीस राखाडी विल्फचे. त्यांतल्या एका राखाडी डब्याला विल्फनी तपकिरी दरवाजा दिला.

डेस्मंड बोलतात ते फलाटावरच्या भोंग्यासारखं, दोन शब्दांमध्ये एक गाडी जाईल एवढी जागा सोडून.

"विल्फ. हा दरवाजा. तपकिरी आहे."

"दिसतोय मला."

"डबा. राखाडी आहे."

"तोही दिसतोय."

"मग?"

"मग काय? बरोबर आहे. चहा घे, गार होतोय."

डेस्मंडनी चहा घेतला नाही. या दरवाज्यापायी परीक्षकांनी अर्धा जरी गुण कापला तर डबा गाडीतून बाहेर, आणि पुढच्या वर्षीपासून रंगाचं काम दुसऱ्या कुणाकडे, असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं.

विल्फचा ब्रश हवेतच थांबला. बायको गेल्यापासून घरात त्यांच्याशी बोलणारा एक रेडिओ तेवढा होता. मंगळवार आणि शुक्रवार या टेबलापाशी बसायचं, म्हणून बाकीचे पाच दिवस ढकलले जात. दरवाज्यावर राखाडी हात फिरवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण तेवढं त्यांच्याकडून होणार नव्हतं.

बावीस वर्षांचे असताना विल्फ मालगाडीचे गार्ड होते. एका ओल्या सकाळी चढावर साखळी तुटली. इंजिन पुढचे डबे घेऊन वर गेलं, आणि भरलेले अकरा डबे विल्फच्या गार्डाच्या डब्यासकट मागे घरंगळू लागले. खाली फाटक होतं आणि ते रस्त्याला उघडं होतं. विल्फनी आपला ब्रेक पिळून बसवला, तरी चाकं ओल्या रुळांवरून घसरतच होती. मग दांडकं घेऊन त्यांनी खाली उडी मारली आणि डब्यांच्या बाजूने धावत ते एकेकाचा ब्रेक दाबायला लागले. पहिल्याच्या ब्रेकचा दांडा झिजलेला, नुसता लोंबकळला. दुसऱ्याचा तसाच. तिसऱ्या राखाडी डब्याला तपकिरी दरवाजा होता. त्याच्या दांड्यावर विल्फनी सगळं अंग टाकलं, आणि चाकं अशी किंचाळली, की साठ वर्षांनंतरही ते सांगताना विल्फ कानावर हात ठेवत. फाटकाच्या तीस पावलं अलीकडे सगळं थांबलं.

दोन दिवसांनी ते डागडुजीच्या शेडमध्ये विचारत गेले. पर्सी लमिस नावाचा जाडजूड माणूस डब्याखालून सरपटत बाहेर आला.

"तो तपकिरी दरवाज्याचा डबा तू केलास?"

"का? शोभत नाही म्हणून रडायला आलायस? राखाडी दरवाजे संपले होते. हाताला लागला तो बसवला."

"रडायला नाही रे. ब्रेक लागला, हे सांगायला आलो."

"लागणारच. ब्रेकच आहे तो." एवढं बोलून पर्सी पुन्हा डब्याखाली गेला.

दर नाताळला विल्फ त्याच्या दारात डुकराची तंगडी नेऊन ठेवत, आणि दर जानेवारीला पर्सीचा निरोप येई, 'पुढच्या वेळी मोहरीची चटणी विसरू नकोस.' असं बत्तीस वर्षं चाललं, पर्सी जाईपर्यंत.

हे सगळं विल्फनी प्रदर्शनाच्या सकाळी मला सांगितलं, तेही मी डेस्मंडची नक्कल करून दाखवल्यावर. क्लबातल्या कुणाला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"कुणी विचारलं होतं, पोरी? आंधळा झालो का, एवढंच विचारत होते."

मी म्हटलं, "परीक्षकाला पर्सी माहीत नाही. दरवाज्यापायी गुण जाणार. पैज लावता?"

"लाव. हरणाऱ्याने वर्षभर क्लबातले मग धुवायचे."

परीक्षक होत्या हॅक्सबी बाई, हातात बॅटरी आणि नाकाच्या टोकावर भिंग. गाडीच्या शेपटाकडून त्या डबा डबा करत पुढे आल्या आणि तपकिरी दरवाज्यापाशी थांबल्या. डेस्मंड पुढे सरसावले. "आमचे विल्फ. वयोमानाने. आपण. समजून घ्या."

"काय समजून घेऊ? बाकीचे बत्तीस राखाडी कालच कारखान्यातून निघाल्यासारखे आहेत. हा एकच कामावर जाऊन, मोडून, दुरुस्त होऊन आलेला दिसतो. कुठल्या शेडचं काम?"

"पर्सी लमिसचं," विल्फ म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर ओढून उगाच खाली बघत राहिले.

बाई पुढे सरकल्या, त्या थेट इंजिनामागच्या तीन डब्यांपाशी. "हे कुणी केले? रंग तपकिरी दिलात. मग इंजिनापासून येणारे ब्रेकचे पाइप कुठे आहेत?"

पाइप डेस्मंड लावायलाच विसरले होते. अर्धा गुण तिथे गेला.

क्लबात एकवीस मग आहेत. डेस्मंड तीन चमचे साखर घालतात आणि ढवळत नाहीत, तळाशी दगड होतो. विल्फ शेजारी उभे राहून माझं काम तपासतात. "दांडा घास, पोरी. तिथे कुणाचं लक्ष जात नाही."