मशीनचं नाव कोण घेईल

कौशल्याबाईच्या तोंडाला लागायची डोणगावात कोणाची टाप नव्हती. वजनात हात मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं भर बाजारात उभा-आडवा घेतला होता, आणि घरी नवऱ्याला तर ती दिवसभर काहीही म्हणायची: बैताड, म्हातारं, खुंट्याचं ढोर. उद्धार करताना तिची जीभ कधी अडखळली नाही. फक्त नाव घेत नव्हती. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये असं तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि एवढं एक सोडलं तर तिनं आईचं काहीच ऐकलं नव्हतं.

अशा बाईच्या पुढ्यात जो कम्प्युटर आला, त्याचं नाव भगवंतराव.

त्याचं असं झालं. भावकीतल्या बायांच्या बचत गटानं डाळ मिल काढली. पाकिटांवरची लेबलं छापायला मेहकरच्या अकरमनं एक जुना कम्प्युटर बसवून दिला, लिनक्सवाला. खोली भगवंतरावांची, म्हणजे त्यांचा पूर्वीचा गोठा. मशीनला नाव काय द्यायचं असं अकरमनं विचारलं तेव्हा बाया पाकिटं शिवत होत्या आणि भगवंतराव दारात दात कोरत उभे होते. खोली आमची तर नावही आमचंच टाक, म्हणाले. अकरमनं टाकलं. त्या दिवसापासून हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली की पहिल्याच ओळीत नवरा हजर.

तरी लिहिलेलं चालत होतं. पंचाईत फोनवर होती. अकरमच्या दुकानात समीक्षा नावाची पोरगी बसायची. ती मेहकरात बसूनच गावोगावच्या मशिनी दुरुस्त करी, पण तिच्या पडद्यावर त्या नुसत्या नावानं दिसत. दिवसाला इतके फोन येत की कोणाची कोणती हे तिच्या ध्यानात राहत नसे. म्हणून तिचा पहिला सवाल ठरलेला: मशीनचं नाव? मेसेज केला तर तो संध्याकाळी वाचला जाई. बोलावंच लागे.

पहिल्यांदा प्रिंटर अडला तेव्हा कौशल्याबाईनं पदर सावरून उखाणा घेतला.

"तुरीच्या डाळीले फोडणी, वर हिंगाचा थर, भगवंतरावाचं नाव घेते, प्रिंटर चालू कर."

उखाण्यात नाव चालतं, त्याला कोणाची हरकत नसते. समीक्षानं प्रिंटर चालू केला. पण प्रिंटर दर आठवड्याला अडायचा, आणि दर वेळी नवे उखाणे काय झाडाला लागतात? त्यात समीक्षा फोन स्पीकरवर टाकून राह्यली आणि दुकानातली गिऱ्हाइकं टाळ्या पिटून राह्यली, हे कानावर आलं तसे उखाणे बंद झाले.

मग तिनं सुनेला, अनुपमाला, पुढे केलं. अनुपमा बी.ए. झालेली, पण ती म्हणाली, सासऱ्याचं नाव कसं घेऊ? गटाची अध्यक्षा सुवर्णा, ती चुलत सून. बाकीच्याही कोणी पुतसून, कोणी नातसून. अख्ख्या गोठ्यात ते नाव घेऊ शकेल अशी एकही बाई निघाली नाही. एकेक अक्षर सांगा म्हणून अनुपमानं सुचवलं, तर कौशल्याबाई म्हणाली की माणूस एकेक अवयव करून आणला तरी माणूस तोच.

शेवटी ती वर्णनावर आली. डोणगावची मशीन, माय, म्हाताऱ्याच्या नावाची, ज्याइले गावात लोक भितात. यातलं शेवटचं खोटं होतं, आणि तिथंच घात झाला. समीक्षाच्या यादीत डोणगावचे माणिकराव होते. त्यांच्या वजनकाट्याची मशीनही अकरमचीच, आणि त्यांना लोक खरोखर भीत. समीक्षानं ती बंद करून चालू केली, तेव्हा काट्यावर सोयाबीनची भरलेली ट्रॉली उभी होती. मागे रांग. माणिकराव गोठ्यापर्यंत चालत आले आणि बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अकरमनं कळवलं की आणखी एकदा असं झालं तर डोणगावचे फोन घेणं बंद. सुवर्णानं बायांसमोर निकाल दिला: उद्यापासून काकूनं सरळ नाव सांगावं, नाहीतर कम्प्युटरच्या खुर्चीवर माणिकरावांचा नातू ऋत्विक बसेल. त्याला नाव घ्यायला लाज नाही.

खुर्ची. हिवाळाभर दोन बोटांनी टाइप करून कौशल्याबाईनं ती कमावली होती. आयुष्यात ती एकच जागा अशी, की तिथं बसलं की कोणी चहा मागत नसे.

भगवंतरावांनी घरी जेवताना मजा घेतली. "घे ना व एकदा. काय, झडते का जीभ?"

तिनं भाकर त्यांच्या ताटात आदळली. आणि सकाळी अकरमला फोन लावून विचारलं, मशीनचं नाव बदलता येते का?

"हाव ना काकू," अकरम म्हणाला. "पन काका नाराज होतीन."

"त्याइचं मी पाह्यते."

मग अकरमनं समजावलं. मशीनला दोन नावं देता येतात. एक कामाचं: लहान इंग्रजी अक्षरं, आकडे, मधात आडवी रेघ, बस. दुसरं शोभेचं. त्यात मराठी लिहा, मोकळ्या जागा सोडा, पदव्या लिहा. मशीन ते कामात कुठंच घेत नाही.

"हे दुसरं आमच्या घरच्याईसाठीच काढलेलं दिसते," कौशल्याबाई म्हणाली.

कामाचं नाव काय टाकता, असं अकरमनं विचारलं. कोणी तिला तयारच ठेवायला सांगितलं असावं तसं ते आलं. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं कौशल्या लिहिलं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती जी होती ते. तिनं एका बोटानं टाइप केलं:

sudo hostnamectl set-hostname shevanta

पासवर्ड विचारला, टाकला. खिडकीत अजून भगवंतरावच बसलेले. अकरम म्हणाला, खिडकी बंद करून उघडा. उठता उठत नाही मेलं, असं म्हणत तिनं उघडली. शेवंता.

आता शोभेचं. तिनं पुन्हा sudo लिहिलं, तर मशीन आधी इंग्रजीत कुरकुरली. अनुपमानं वाचून अर्थ सांगितला: शेवंता कोण, मले सापडत नाही.

कौशल्याबाईला हसू आलं. सासूनं "कौशल्या" म्हणून हाक मारली की नव्या नवरीला कळायचंच नाही कोणाला बोलावतात. बहिरी पोरगी पदरात टाकली म्हणून सासू गावभर सांगत फिरली होती. अकरम म्हणाला की hosts नावाच्या फाईलीत जुनं नाव तसंच आहे, तेवढी एक ओळ बदला. तिनं बदलली. कुरकुर गेली. मग शोभेच्या नावात तिनं अनुपमाकडून लिहून घेतलं: माननीय श्री. भगवंतराव, माजी उपसरपंच.

दुपारी म्हातारं दात कोरत आलंच. तिनं hostnamectl एवढंच टाइप करून दोन्ही नावं आणली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, फुगले, मग नजर वरच्या ओळीवर गेली.

"हे शेवंता कोन?"

"होती एक. तुमीच ताटातल्या तांदळात बुजवली."

त्यांना आठवलं की नाही, देव जाणे. मग म्हणाले, तेवढं "माजी" काढता येते का?

दुसऱ्या दिवशी प्रिंटर अडला. मिलचा आवाज थांबला, सगळ्या बाया कान देऊन. सुवर्णा दाराशी हाताची घडी घालून उभी. कौशल्याबाईनं फोन लावला.

"मशीनचं नाव?" समीक्षा.

"शेवंता."

पलीकडे खटखट झाली. "हो, दिसली. अन् बोलून कोन राह्यलं?"

"तेच सांगून राह्यली ना माय," ती म्हणाली, आणि खुर्ची अजून जरा पुढे ओढून घेतली. "शेवंता."