अ‍ॅडमिनचा मान

आमच्या मोहल्ल्यात मान देण्याची हौस फार. विहारातला कार्यक्रम असो, कोणाच्या मुलीचं लग्न असो की नळाच्या नव्या लाइनीचं उद्घाटन, आधी अध्यक्ष ठरतो आणि काम काय ते मग ठरतं. अध्यक्षाला खुर्ची मिळते, हार मिळतो, शाल मिळते. त्यानं शेवटी दोन शब्द बोलायचे आणि मधे कितीही झोप आली तरी मान ताठ ठेवायची, एवढंच. त्यामुळे मोहल्ल्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचं ठरलं, तेव्हा पांढुर्ण्यातल्या आमच्या लोकांनी त्यांना जे येतं तेच केलं. अ‍ॅडमिन म्हणून माझ्या वडिलांची निवड केली आणि विहाराच्या अंगणात त्यांचा सत्कार केला.

वडील नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. कोणत्या गल्लीला पाणी कधी सोडायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि त्या हातानं त्यांनी कधी कोणाला जास्त-कमी केलं नाही. म्हणून लोक त्यांना मानायचे. फोनमधलं मात्र त्यांना फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच कळायचं. त्याची कोणाला चिंता नव्हती. मोहल्ल्यात दोन पार्ट्या होत्या, दोघींनाही आपला माणूस अ‍ॅडमिन हवा होता, आणि भांडण मिटवायला एक निरुपद्रवी म्हातारा बरा असतो.

भाषण केलं ते चौकातल्या रिचार्जच्या दुकानदारानं. मोहल्ल्यात इंटरनेटचे सगळ्यात मोठे जाणकार तेच, कारण रिचार्ज तेच मारतात. ते म्हणाले, "काकाजीनं आपल्याले जिंदगीभर पाणी देलं. आता नेटबी तेच सांभाळतीन." टाळ्या पडल्या. त्यांनीच वडिलांच्या फोनवरून ग्रुप बनवला आणि सगळ्यांचे नंबर भरले. नागपूरला कंपनीत असलेल्या माझ्या भावालाही घेतलं. त्यानं तिकडून टाळ्या वाजवणारे हात पाठवले, एका रांगेत भरपूर. गावी यायला त्याला वेळ मिळत नाही, पण हात पाठवायला मिळतो.

वडिलांनी ती शाल घडी करून कपाटात ठेवली आणि कामाला लागले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी सौसरला अतिथी शिक्षिका आहे, रोज बसनं जाते-येते. संध्याकाळी घरी आले की वडील चष्मा पुसून तयार. मी एकेक मेसेज वाचायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं. आता त्या मेसेजमध्ये काय असायचं? गुलाबाची फुलं. साखरेच्या आजारावर लिंबू. आज रात्री संपणारी सरकारी योजना, जी महिनोन्‌महिने आज रात्रीच संपत होती. अकरा जणांना पाठवा म्हणजे चांगली बातमी येईल. वडील प्रत्येक गुलाबाला आवाजात उत्तर द्यायचे, "जय भीम. तुमचं फूल भेटलं. बरं वाटलं." कोणी चार दिवस काही टाकलं नाही तर त्याच्या घरी जायचे. "तुमी ग्रुपवर दिसून नाही राहिले, तब्येत बरी हाय ना?" लोक समोर हो हो म्हणायचे आणि मागे हसायचे. मला ते हसणं ऐकू यायचं, त्यांना नाही.

मला या नेटचा राग आधीपासूनच आहे, हे खोटं कशाला सांगू. आमच्या शाळेत हजेरी आता फोनवर लागते. शाळेच्या हद्दीत उभं राहून स्वतःच्या तोंडाचा फोटो पाठवायचा, तरच तुम्ही आलात. पण शाळेच्या हद्दीत नेट येत नाही. ते येतं पलीकडच्या संत्र्याच्या बागेत, आणि बागेतून पाठवला की फोन म्हणतो, तुम्ही शाळेत नाही. रोज सकाळी कुंपणाला चिकटून, हात उंच करून, शिकली-सवरलेली माणसं आकाशाला तोंड दाखवत उभी असतात आणि वर्गात पोरं धिंगाणा घालतात. बस बोरगावाकडे वळली की मध्य प्रदेशातच असूनही माझा फोन महाराष्ट्रात माझं स्वागत करतो. आपण कोणत्या राज्यात आहोत हे ज्याला कळत नाही, त्याच्यावर सरकारनं आमची हजेरी सोपवली आहे.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आदेशांनाही जोर आला आहे. पोळा जवळ आला तसा एक ऑटो भोंगा लावून फिरू लागला. कोणत्याही ग्रुपमध्ये आक्षेपार्ह काही आलं तर "ग्रुप एडमिन जिम्मेदार होगा". मी दार लोटायला उठले. वडील मात्र दारात उभे राहून पूर्ण ऐकून आले आणि म्हणाले, "पाहा, सरकारलेबी माहीत हाय अ‍ॅडमिन म्हणजे काय ते."

"बाबा, सोडून द्या हे. दुसऱ्या कोणाला करू देऊ."

"असं कसं सोडता येते? लोकायनं देलं हाय."

मी खूप डोकं आपटलं. शाल देणारे लोक वेळेवर खांदा देत नाहीत, हे मी त्यांना कसं पटवणार होते? ज्या माणसाच्या आयुष्यात कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं, त्याचं नाव आता रोज त्या गुलाबवाल्यांच्या हातात होतं, आणि मला भीती होती ती त्याचीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या या काठावर आम्ही, त्या काठावर सावरगाव, मधे झेंडा, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. ज्यांना त्यात परंपरा दिसते त्यांना दिसो. मी घरातच असते. दुपारी दुकानदारानं टाकलेला एक व्हिडिओ ग्रुपवर आला. चार-पाच जण एका पोराला मारताहेत, आणि खाली लिहिलेलं, सावरगावात आत्ता आपल्या पोराला धरलं, सगळ्यांनी निघा. मी तो दोनदा पाहिला. मागे नारळाची झाडं होती, ओळीनं. सावरगावात एक नारळाचं झाड कोणी मला दाखवावं. दुकानाच्या पाट्याही अशा लिपीत होत्या की आमच्या मोहल्ल्यात कोणाला त्यातलं अक्षर लागणार नाही. पण ग्रुपवर लगेच रागाची लाल तोंडं उगवू लागली. झाडं पाहायला कोणाला वेळ होता?

वडिलांना सांगितलं तसे ते उठलेच. त्यांनी आवाजात निरोप भरला, "हे खोटं हाय, कोणी जाऊ नका, आणि टाकलं त्यानं काढून घ्या." तो निरोप गेलाच नाही. अख्खा गाव नदीवरून थेट प्रक्षेपण करत होता, त्यामुळे नेट रांगत होतं. तो व्हिडिओ पुसायला मी त्यांच्या फोनवर खटपट केली. चक्र फिरत राहिलं. नुसतंच फिरत राहिलं. शेवटी वडील चपला घालून दुकानाकडे निघाले. दुकान बंद. मालक नदीवर, व्हिडिओ काढायला. मग त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, उन्हात, एकेक दार वाजवून. ज्या कामाला एका बोटाचा दाब पुरे म्हणतात, ते त्यांनी पायांनी केलं. त्यांच्या सांगण्यामुळे की सगळे आधीच नदीवर गुंतले होते म्हणून, पण कोणी कुठे गेलं नाही.

कोणी तरी मात्र त्या व्हिडिओचा फोटो ठाण्यात पोचवला. दुसऱ्या दिवशी शिपाई मोटारसायकलवर आला. "दादाजी, साहब ने बुलाया है." वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही दोघं गल्लीतून निघालो तर प्रत्येक दारात माणूस उभा होता. कालपर्यंत यांच्याकडून पाणी, शुभेच्छा आणि तब्येतीची चौकशी घेणारे सगळे. एकही जण उंबरा ओलांडून आला नाही. चौकापर्यंत पोचेतो माझ्या हातातल्या वडिलांच्या फोनवर ओळी सरकू लागल्या. अमका ग्रुप सोडून गेला, तमका सोडून गेला. सगळ्यात आधी दुकानदार, आणि जायच्या आधी त्यानं आपला व्हिडिओ पुसून टाकला होता. नेट बरं चाललं त्याचं त्या वेळी!

ठाण्यात कोणी वाईट वागलं नाही. खुर्ची दिली, चहा दिला. साहेब तरुण होते आणि मराठी त्यांना येत नव्हतं. त्यांनी आदेश वाचून दाखवला आणि विचारलं, कोणी टाकला होता? मी तोंड उघडलं तोच वडिलांनी माझं मनगट दाबलं.

"साहब, ग्रुप मेरा है," ते म्हणाले. "जिम्मेदारी मेरी है."

"वो तो है ही, दादाजी. भेजा किसने?"

वडिलांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. साहेबांनी समज दिली, सही घेतली, ग्रुप बंद करायला सांगितलं. बाहेर रस्त्याच्या कडेला कालचे गोटे झाडून ढीग लावले होते. इतके गोटे फेकले गेले, इतकी डोकी फुटली, त्यांच्यासाठी कोणाला बोलावणं आलं नाही. गोट्यांना अ‍ॅडमिन नसतो ना.

"नाव का नाही सांगितलं?" मी रस्त्यातच ओरडले. "चोर सोडून तुम्हाला फाशी!"

"अध्यक्षानं सभेतल्या माणसाचं नाव ठाण्यात सांगाव का?"

मी तशीच पुढे चालू लागले. संताप होता, आणि तो त्यांच्यावरही होता.

ग्रुप बंद करायचा तर अ‍ॅडमिनला उरलेल्या प्रत्येकाला एकेक करून काढावं लागतं. मी म्हटलं, द्या फोन, चहा उकळेपर्यंत करते. त्यांनी दिला नाही. माणसाला न सांगता बाहेर काढणं त्यांना पटेना. ते पुन्हा घरोघर गेले. "साहेबाचा हुकूम हाय, तुमाले काढून राहिलो. राग मानू नका." कोणी आतून निरोप पाठवला की घरात नाही. कोणी म्हणालं, "आमी तं कवाचेच निंघालो, काकाजी." दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर हात जोडून सांगितलं, "काकाजी, तुमी लवकर डिलिट कराले पायजे होतं." हे ऐकून मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडिलांनी मला ओढत घरी आणलं.

दोन दिवसांनी माझा फोन वाजला. मला एका नव्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तीच माणसं, तेच गुलाब, तेच लिंबू. वडील तेवढे नव्हते. अ‍ॅडमिन कोण म्हणून पाहिलं तर सगळेच. प्रत्येकाच्या नावापुढे अ‍ॅडमिन लिहिलेलं. एवढी अक्कल या मोहल्ल्यानं पाण्याच्या भांडणात कधी दाखवली नव्हती. सगळेच जबाबदार, म्हणजे बोलावणं आलं तर कोणीच नाही. भाऊही होता त्यात, तोही अ‍ॅडमिन.

आणि मीही होते. मग मी विचार केला नाही. वडिलांचा नंबर शोधला आणि त्यांना आत घेतलं.

ते अंगणात बाजेवर बसले होते. फोन टुण्ण झाला तसं त्यांनी जवळ धरून पाहिला आणि ग्रुपवरचा विहाराचा फोटो ओळखला. गेले दोन दिवस हा माणूस धड जेवला नव्हता, आणि आता चेहरा उजळला. "घेतलं का वो मले परत? पाह्य, मी म्हणत होतो ना, लोक तेवढे वाईट नसते." त्यांनी घसा साफ केला आणि फोन तोंडाजवळ नेला. "जय भीम. तुमी सगळ्यायनं आठवण ठेवली, बरं वाटलं. आता कोणाले जबाबदारीचं भ्याव नाही."

ते बोलत असतानाच घरात माझा फोन वाजला. भाऊ.

"तूनं बाबाले काहून जोडलं?"

"तुले काय त्रास आहे?"

"अवं, माझ्या पासपोर्टची पोलीस तपासणी चालू हाय. त्यायचं नाव ठाण्यात गेलं हाय. उद्या कोणी त्यायचं नाव माझ्या नावाले जोडलं, तं? आणि त्यायच्याच भल्याचं सांगतो, पुन्हा बोलावतीन. म्या काढून टाकलं त्यायले."

भल्याचं म्हणे! मी फोन ठेवला. तोंडात शिवी होती, पण ती आईपर्यंत जात होती म्हणून गिळली. बाहेर आले तर वडील तसेच बसलेले, फोन माझ्याकडे धरून. त्यांचा फोन इंग्रजीत, त्यातली नावंही इंग्रजीत. ते त्यांना वाचता येत नाही.

"माह्यं बोलणं गेलंच नाही. हे काय लिहून आलं खाली?"

मी वाचलं. कोणी काढलं ते फोन नावानिशी सांगतो. नाव भावाचं होतं.

"नेट गेलं, बाबा," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. त्यांनी चपला घातल्या, फोन वर धरला आणि नेट कुठे सापडतं ते पाहायला जिन्यानं गच्चीवर गेले.