आत्याची दोरी

माझी आत्या ताकही फुंकून प्यायची, आणि फुंकण्याआधी ते कोणी घुसळलं याची चौकशी करायची. ती नगरपालिकेत जुन्या इमारतींच्या विभागात होती. जतनाच्या यादीतली एखादी इमारत एका जागेवरून सोडवून दुसरीकडे उभारायची असली, की तो प्रस्ताव आधी तिच्या टेबलावर यायचा. तिथे त्याची अशी उलटतपासणी व्हायची की आणणाऱ्याला घाम फुटायचा. ऑफिसात तिच्या मागे सगळे तिला शंकासूर म्हणत. तिला ते ठाऊक होतं, कोण कोण म्हणतं हेही ठाऊक होतं.

घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची. कुणाकडे चहा मिळाला की कप आधी नाकाशी न्यायची, दूध नासलंय का म्हणून. घरची बाई समोर उभी असली तरी. अपवाद फक्त आमच्या घराचा. बाबा तिचे थोरले भाऊ. आली की म्हणायची, "दादा, चहा तू कर," आणि कप थेट तोंडाला लावायची. आई हसायची, "वन्संचा सगळ्या जगात एकाच माणसावर विश्वास, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आलाय."

म्हणून गावातलं जुनं वाचनालय हलवायचा प्रस्ताव बाबांचा आहे हे कळल्यावर मी निर्धास्त झाले. रस्ता रुंद होणार होता आणि वाचनालय मधे येत होतं. बाबा बांधकामाचे ठेकेदार. दगड न् दगड सोडवून पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत ते वाचनालय पुन्हा उभं करणार होते. बरेच दिवस त्यांच्या हाताला काम नव्हतं. हेही गेलं तर गाशा गुंडाळायचा, असं आईला सांगताना मी त्यांना ऐकलं होतं.

आत्या साहेबांकडे गेली. "सख्ख्या भावाचं प्रकरण मला नको."

"बाई, तुमच्या नात्यात नाही असा एक ठेकेदार या गावात दाखवा," साहेब म्हणाले. "तपासा तुम्ही, सही मी करतो."

तपासणीची तिची एक रीत होती. नकाशावरच्या आकड्यांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. जुन्या इमारतीच्या पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ती एक दोरी ताणायची, टोकाला गाठ मारायची आणि तीच दोरी नव्या जागेच्या पायावर टाकायची. "आकडा माणसाचं ऐकतो," म्हणायची, "दोरी कुणाच्या बापाचं ऐकत नाही." एरवी हे काम ती सगळ्यात आधी उरकायची. या वेळी मात्र आज डोकं दुखतंय, उद्या मीटिंग आहे, असं करत दिवस ढकलत राहिली. शेवटी मला म्हणाली, "तू चल बरोबर. नाहीतर लोक म्हणतील, भावाला सोडलं."

वाचनालय पुढून देखणं होतं, कमान आणि नक्षीचे खांब. मागची वाचनाची खोली मात्र अगदी साधी, लांब बाकांची. दोरी ताणता ताणता आत्या तिथे थांबली. "घरी एकच खोली. आम्ही दोघं इथेच शिकलो. मला उशीर झाला की दादा माझी जागा धरून ठेवायचा, कुणाशी भांडण झालं तरी."

टाकीमागे बाबा वाट बघत उभे होते. पाया बांधून तयार होता, दगड सुबक बसवलेले. मला केवढा अभिमान वाटला. आत्याने दोरीचं एक टोक पुढच्या कोपऱ्यावर धरलं आणि गाठीचं टोक मला दिलं. मी चालत निघाले. पाया संपला, पण दोरी संपेना. मी गवतात शिरले, आणखी पुढे गेले, तेव्हा कुठे ती ताठ झाली. वळून पाहिलं तर पाया माझ्यापासून खूप मागे राहिला होता.

"दादा, बाकीचा पाया कुठे आहे?"

"अगं, सुतळी ती. ताणली गेली असेल."

"एका खोलीएवढी?"

बाबांनी रुमालाने मान पुसली. "लोक कमान बघायला येतात. फोटो काढतात तेही कमानीचे. मागची खोली कोण बघतंय?"

"यादीतली इमारत हलवायची तर सगळी, अर्धी हलवली तर उरलेली पाडली असंच धरतात, हा नियम तुला ठाऊक आहे. लिहून तर सगळी इमारत दिलीस."

"सगळेच लिहितात तसं."

मला वाटलं, आता ती कडाडणार. ती दोरी हाताला गुंडाळत राहिली. "एकदा तरी माझा संशय खोटा ठरावा म्हणून इतके दिवस इकडे फिरकले नाही रे," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला दोघांचाही राग आला. बाबांनी असं का केलं म्हणून, आणि ते टोक तिने माझ्याच हातात का दिलं म्हणून.

प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला. बाबांनी पदरमोड करून उरलेला पाया बांधला, मग मंजुरी मिळाली. वाचनालय टाकीमागे उभं राहिलं, मागच्या खोलीसकट. आत्याने पुन्हा दोरी टाकली. गाठ बरोबर भिंतीशी आली.

त्या संध्याकाळी ती घरी आली. "दादा, चहा तू कर," म्हणाली. बाबांचा चेहरा असा खुलला की मला भरून आलं. त्यांनी लगबगीने आधण ठेवलं, चहा गाळला, कप तिच्या हातात दिला आणि समोर बसले. आत्याने कप उचलला आणि आधी नाकाशी नेला.

हात सवयीने गेला असेल, असं आई नंतर म्हणाली. पण आमच्या घरात तिला ती सवय कधीच नव्हती.