घट्ट वाळे

तापीचं पाणी उतरून महिना झाला, तरी आमच्या घराला ओल्या ज्वारीचा आंबूस वास येई. म्हैस वाहून गेली होती. जमिनीतल्या पेवात पाणी शिरून साठवणीची ज्वारी काळी पडली होती. तीच वाळवून, दळून तिचा पातळ घाटा आम्ही खात असू. दीड वर्षाचा माझा भाऊही तोच खाई.

पुरानंतर तो काटकुळा झाला होता, पायातले चांदीचे वाळे गळून पडत. मग एकाएकी तो भरू लागला. गाल फुगले, वाळे घट्ट बसले. आईला आनंद मावेना. "मन्हा पोऱ्या भरना व माय," म्हणत ती त्याला काजळाची तीट लावी. मला मात्र त्याची भीती वाटे. तो रडत नसे, हसत नसे. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ उमटली होती, तिच्याकडे बघत बसे. एकदा मी त्याच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

शेजारच्या काकूला मूलबाळ नव्हतं, पण तिची शेळी पुरातून वाचली होती. तिनेही एकदा तसंच बोट दाबून पाहिलं. "हाई बाळसं नही पोरी, सूज शे. रोज लई ये त्याले." आई शेतातला गाळ उपसायला गेली की मी त्याला तिच्याकडे नेई. ती चमच्याचमच्याने दूध पाजी. पंधरवड्यात सूज उतरली आणि खाली नुसती हाडं दिसली. पण तो रडू लागला होता, वाटी दिसली की हात पुढे करी.

एक दिवस गळलेला वाळा हातात घेऊन आईने मला धरलं. "कोनी देखं मन्हा पोऱ्याले?" त्या काटक्या पायांकडे बघून मी काकूचं नाव सांगितलं. दुधाचं बोललेच नाही. "वांझनी नजर लागनी!" आई किंचाळली. नऊ वर्षांची मूर्ख मी, मलाही ते खरं वाटलं. काकूला आमचं अंगण बंद झालं.

थोड्याच दिवसांत तो पुन्हा भरला आणि गप्प झाला. वाळे घट्ट बसले तशी आईने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली आणि शहाणी म्हणून मला जवळ घेतलं.

तो गेला तेव्हा बाया म्हणाल्या, "इतला भरेल पोऱ्या, कसा गया व?" पुरण्याआधी वाळे काढायला गेले, ते निघेनात. काकू कुडाबाहेर दुधाची वाटी घेऊन उभी होती. आई पुढे म्हातारी होऊन गेली. तो त्या दुधाने बरा होत होता, हे मी तिला कधीच सांगितलं नाही.