पान लागलं

हरिबामामा सापाला साप म्हणायचे नाहीत. जनावर म्हणायचे, लांबडं म्हणायचे, फारच घाईत असले तर नुसतं 'ते'. आमच्या कॉलनीतलं कुणी 'साप, साप' करत त्यांच्या पत्र्याच्या खोलीकडे पळत गेलं की आधी ते त्याच्यावरच डाफरायचे, "नाव कशाला घ्यायलाव? नाव घेतलं की ते ऐकतंय." मग काठी, उशीचा अभ्रा आणि झाकणाला भोकं पाडलेली लोणच्याची बरणी घेऊन निघायचे.

कॉलनी धाराशिवच्या अगदी टोकाला आहे, तेरच्या रस्त्याला. पूर्वी इथं माळ होता आणि हरिबामामा त्या माळावर मेंढरं चारायचे. प्लॉट पडले, मेंढरं विकली गेली, आणि ज्यानं प्लॉट पाडले त्यानंच त्यांना राखणीला ठेवून घेतलं. अर्धवट बांधकामं, विटांचे ढीग, उंदीर, तुंबलेली गटारं. एवढी सोय केल्यावर साप येणारच. पावसाळ्यात आठवड्याला एक तरी ठरलेला. अंगानं धिप्पाड, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेले आमचे शेजारी खुर्चीवर चढून उभे राहायचे आणि पासष्टी उलटलेले हरिबामामा धोतर वर खोचून कपाटामागं हात घालायचे. पकडलेलं जनावर डोंगराकडे नेऊन सोडायचे, तेही चालत. चहा विचारायचं भान फार थोड्या घरांना असायचं.

मी विचारायचे. माझं नाव महेश्वरी, पाटबंधारे खात्यात लिपिक आहे, घरात एकटीच असते. आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडून सात जनावरं नेली. त्यातली एक धामण तर नव्याकोऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वेटोळं करून बसली होती. तिला बाहेर काढता काढता मामा म्हणाले, "बघा ताई, जनावराला बी तुमच्या गाडीत बसायची हौस."

त्यांची बायको नागूबाई. या नावावरून मी त्यांना फार छळायचे. "मामा, सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणता, आणि दिवसभर नागू, नागू काय चालवलंय?"

"हिचं नाव घेतलं तरी ही येत न्हाय, म्हणून चालतंय," मामा म्हणायचे. नागूबाई पदर तोंडाला लावून हसायची. तिचे दात पानानं लालभडक झालेले. जर्दा घातलेलं पान तिला दिवसातून चारदा लागायचं. माझ्या घराच्या कंपाउंडची भिंत जिथं आहे तिथं म्हणे मोठं वारूळ होतं, ते जेसीबीनं सपाट केलं. दर नागपंचमीला ती भिंतीच्या बुडाशी लाह्या ठेवून जायची. मी एकदा म्हटलं, "आता इथं वारूळ कुठंय?" तर म्हणाली, "तुमाला दिसंना व्हय ताई, मला दिसतंय की."

पानाचं हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या वडिलांची बसस्टँडसमोर पानटपरी होती. माझं सगळं लहानपण त्या टपरीच्या फळीखाली गेलं. नवशिक्या गिऱ्हाइकानं तोऱ्यात जर्द्याचं पान खाल्लं की पाच मिनिटांत त्याला दरदरून घाम सुटायचा, डोकं गरगरायचं, उलटी व्हायची. वडील म्हणायचे, "पान लागलं याला." मग त्याला बाकड्यावर आडवा करायचे, लिंबू पिळून द्यायचे. अर्ध्या तासात उतरायचं आणि गडी लाजत घरी जायचा. पान लागणं म्हणजे माझ्यासाठी एवढंच होतं. हसण्यावारी न्यायची गोष्ट.

आखाडातला मंगळवार. सकाळचे पावणेसात वाजले होते, मी कणीक मळत होते. फोन वाजला. हाताला पीठ होतं म्हणून कोपरानं फोन घेतला, खांद्याशी धरला.

"ताई, नागूला पान लागलंय. पोटात लई दुखतंय म्हणती, डोळं उघडंनात. गाडी काढता का?"

मला हसूच आलं. चारदा पान खाणारीला आज कसं लागलं, असंही क्षणभर मनात आलं. पण चपात्या व्हायच्या होत्या, ऑफिसला जायचं होतं. मी म्हटलं, "मामा, पान लागलं म्हणून कुणी दवाखान्यात जातं का? लिंबू पिळून द्या, घटकाभर पडू द्या. उतरेल आपोआप."

पलीकडून, "उतरंल म्हणता?"

"उतरतंच. मी लहानपणापासून बघत आलेय."

"बरं," म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी चपात्या केल्या. डबा भरला. गाडी काढली ती ऑफिसला जायला. त्यांच्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. बरं वाटलं असेल, गेली असतील कुठं, असं समजून पुढं गेले. त्या कडीकडे मी बघितलं होतं, हे मला आजही विसरता येत नाही.

दुपारी बाराच्या सुमारास आमचे शिपाई अण्णाराव चहा ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, तुमच्याकडचं जनावर धरणारं हरिबा हाय ना, त्येची बायको गेली. पान लागलं म्हणं."

"पानानं माणूस मरतं का, अण्णाराव?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पान म्हंजी खायचं न्हवं ताई. जनावर चावलं की पान लागलं म्हणत्यात. ज्येला चावलंय त्येच्या म्होरं नाव घेत न्हाईत. घेतलं की इख चढतंय."

आठ वर्षांत हरिबामामांमुळे आमच्या कॉलनीत एकालाही साप चावला नव्हता, म्हणून चावण्याला ते काय म्हणतात ते माझ्या कानावर पडायची वेळच आली नव्हती.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. ती मण्यार होती. खाली टाकलेल्या गोधडीत शिरली होती. मण्यार चावलेलं कळत नाही, सूज येत नाही. नागूबाई पोटात दुखतंय म्हणून उठली आणि गोधडी झटकताना मामांना ती दिसली. माझ्या फोननंतर त्यांनी नागूबाईला पाठीवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. दुधाचा टेम्पो मिळायला पाऊण तास गेला. दवाखान्यात नेईपर्यंत तिचा श्वास थांबला होता. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. ते असं म्हणाले नसते तर मला बरं झालं असतं.

मी मातीला गेले. मामा माझ्याकडे बघत नव्हते. पुढंही रस्त्यात दिसले की वाट बदलायचे, किंवा मीच बदलायचे. नागपंचमी आली. भिंतीच्या बुडाशी कुणी लाह्या ठेवल्या नाहीत. मीच नेऊन ठेवल्या आणि मग स्वतःचीच इतकी चीड आली की पायानं सारून टाकल्या.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, माझ्या बाथरूममध्ये नाग निघाला. मी दार ओढून घेतलं आणि अंगणात नुसती उभी राहिले. मामांना बोलवायचं मला तोंड नव्हतं. शेजारच्यांनी परस्पर बोलावलं. ते आले, एक शब्द न बोलता आत गेले, बरणीत घालून बाहेर आले. मी चहा पुढं केला. "नगं," म्हणाले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मला कळलंच नाही हो. आईशप्पथ सांगते. मला वाटलं, जर्द्याचं पान लागलं. आमच्या टपरीवर तसंच म्हणायचे. तुम्ही जनावराबद्दल बोलत होता हे मला कळलंच नाही."

मामांनी बरणी पायरीवर ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "म्या म्हणलं, तुमच्या गाडीत जनावर बसलं, पर माझी नागू नगं झाली." त्यांच्या तोंडावरचा राग जाताना मला दिसला, आणि वाटलं, सुटले मी.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "म्या साप म्हणलं असतं, तर तुमी आला असता?"

आठ वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. खोटं बोलायला हवं होतं. तेवढी अक्कल मला सुचली नाही. मी म्हटलं, "हो मामा. हातातली कणीक टाकून आले असते."

"साप," ते पुन्हा म्हणाले. "साप. एवढंच म्हणायचं व्हतं." आणि ते पायरीवर बसले, बरणीशेजारी, कपाळ तळहातात धरून.

इतके दिवस त्या माणसाला माझा राग तरी होता. मला हलकं वाटावं म्हणून मी तोही काढून घेतला, आणि नागूबाईचं मरण त्यांच्या ओटीत टाकलं. थोड्या वेळानं ते उठले आणि काठी न घेताच निघून गेले. बरणीही तिथंच राहिली. आत जनावर हलत होतं.